मैदानावर असतानाच दुसरं काम शिकू द्या

ऑस्ट्रेलियात एखादा फुटबॉलपटू निवृत्तीनंतर उद्योगात नाव काढतो, तेव्हा त्याचं श्रेय बहुतेक वेळा मैदानाला दिलं जातं. खेळाने शिस्त लावली, हार पचवायला शिकवलं, माणसं सांभाळायला शिकवलं, तेच पुढे धंद्यात कामी आलं, असं सांगण्याची तिथे रीत पडली आहे. आपल्याकडेही आता तेच ऐकू येतं. हे अर्धंच खरं आहे असं मला वाटतं. उरलेलं अर्धं कोणी सांगत नाही, त्यामुळे दरवर्षी डझनावारी तरुण खेळाडू वयाच्या बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी रिकाम्या हातांनी घरी परततात. खेळ माणसाला धंदा शिकवत नाही. धंदा किंवा दुसरं कुठलंही काम शिकायला वेळ लागतो, आणि व्यावसायिक खेळाने नेमका तोच वेळ खेळाडूकडून काढून घेतला आहे. तो वेळ करारातूनच परत मिळाला पाहिजे. खेळाडूच्या मर्जीवर किंवा क्लबच्या चांगुलपणावर तो सोडून चालणार नाही.

हा खेळ म्हणजे ऑस्ट्रेलियन रूल्स फुटबॉल, तिथल्या बोलीत ‘फूटी’. त्याचे नियम मेलबर्नमध्ये १८५९ साली लिहिले गेले, म्हणजे इंग्लंडच्या फुटबॉल असोसिएशनने आपले नियम केले त्याच्याही आधी. मोठं अंडाकृती मैदान, लंबगोल चेंडू, एका वेळी प्रत्येक बाजूचे अठरा खेळाडू, लाथेने आणि मुठीने दिले जाणारे पास, आणि हवेत दुसऱ्याच्या खांद्यावर गुडघा टेकवून घेतलेले झेल. १८९७ साली सुरू झालेली व्हिक्टोरिया राज्याची लीग १९९० पासून ऑस्ट्रेलियन फुटबॉल लीग, म्हणजे एएफएल झाली. आज तिच्यात १८ संघ आहेत आणि अंतिम सामन्याला मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर लाखभर माणूस जमतो. मेलबर्नमधल्या मराठी घरांतली मुलंही आता शनिवारी सकाळी ‘ऑस्किक’च्या शिबिरात हा लंबगोल चेंडू घेऊन धावताना दिसतात. त्यांच्या आईवडिलांनाही हा प्रश्न आज ना उद्या पडणार आहे.

या खेळातून उद्योगात गेलेल्यांमध्ये सगळ्यात मोठं नाव माइक फिट्झपॅट्रिकचं. यशोगाथा सांगणाऱ्यांचा तो लाडका दाखला असल्यामुळे त्याच्याकडे जरा नीट पाहू. हा पश्चिम ऑस्ट्रेलियाचा उंचापुरा खेळाडू. त्याची जागा ‘रक’ची, म्हणजे पंचाने उसळवलेल्या चेंडूसाठी मधोमध झेपावणाऱ्याची. १९७३ साली पर्थच्या सुबियाको संघाने विजेतेपद जिंकलं तेव्हा तो त्या संघात होता. पुढे मेलबर्नच्या कार्लटनकडून तो १५० सामने खेळला, १९७९ च्या विजेत्या संघात होता, आणि १९८१ व १९८२ अशी सलग दोन विजेतेपदं संघाने त्याच्या कप्तानीत मिळवली. १९८३ नंतर तो थांबला. १९९४ साली त्याने हेस्टिंग्ज फंड्स मॅनेजमेंट ही गुंतवणूक कंपनी काढली. तिने पायाभूत सुविधांमध्ये पैसा गुंतवला, ती वाढली, आणि वेस्टपॅक बँकेने ती टप्प्याटप्प्याने विकत घेतली. फिट्झपॅट्रिक पुढे रिओ टिंटो या खाण कंपनीच्या संचालक मंडळावर गेला आणि २००७ ते २०१७ अशी दहा वर्षं एएफएलच्या नियामक मंडळाचा अध्यक्ष होता.

एवढंच सांगितलं तर वाटतं, कप्तानाने मैदान जिंकलं आणि मग बाजारही जिंकला. पण मधला तपशील पाहा. फिट्झपॅट्रिककडे अभियांत्रिकीची पदवी होती. ऱ्होड्स शिष्यवृत्ती मिळवून तो ऑक्सफर्डला शिकला. खेळाची आणि शिक्षणाची त्याची वर्षं एकमेकांत मिसळलेली होती, आणि त्या काळच्या खेळाला ते चालत होतं. खेळ संपल्यावर त्याने आधी गुंतवणूक बँकांत नोकरी केली. सुबियाकोच्या मैदानापासून स्वतःच्या कंपनीपर्यंत पोचायला दोन दशकं गेली, आणि त्यातला मोठा भाग शिकण्यात गेला.

काळही त्याच्या बाजूने होता. १९९२ साली ऑस्ट्रेलियाने जवळजवळ प्रत्येक नोकरदाराच्या पगारामागे निवृत्तीनिधीत पैसे भरणं मालकांवर बंधनकारक केलं. सुरुवात तीन-चार टक्क्यांनी झाली, आज तो दर १२ टक्के आहे. या निधींकडे प्रचंड पैसा साचू लागला, आणि तीस-चाळीस वर्षं हळूहळू परतावा देणाऱ्या मालमत्ता त्यांना हव्या होत्या. त्याच दशकात व्हिक्टोरिया सरकार वीज कंपन्या विकत होतं आणि १९९७ मध्ये केंद्र सरकारने मेलबर्न, ब्रिस्बेन, पर्थ हे विमानतळ खासगी हातांत दिले. एका बाजूला पैसा, दुसऱ्या बाजूला विक्रीला निघालेल्या मालमत्ता. या दोहोंची गाठ घालून देणारा माणूस हवा होता. त्याला वित्त कळायला हवं होतं, अभियांत्रिकी कळायला हवी होती, आणि मेलबर्नमध्ये त्याच्यासाठी दारं उघडणारी असायला हवी होती. कार्लटनच्या कप्तानीने दार उघडलं असेल, हे मी नाकारत नाही. पण आत गेल्यावर बोलायचं काय, हे त्याला ऑक्सफर्डने आणि बँकेच्या नोकरीने शिकवलं होतं. मैदानातून बाजाराकडे जाणारा हा रस्ता मैदानाबाहेर केलेल्या तयारीचा होता.

फिट्झपॅट्रिक अध्यक्ष असताना २०१४ पर्यंत लीगचा मुख्य कार्यकारी अधिकारी होता अँड्र्यू डेमेट्रिओ. तोही जुना खेळाडू. सायप्रसहून आलेल्या ग्रीक कुटुंबातला. १९८० च्या दशकात नॉर्थ मेलबर्नकडून १०३ आणि शेवटी हॉथॉर्नकडून तीन सामने खेळलेला. तो कृत्रिम दात आयात करणाऱ्या आणि बनवणाऱ्या कंपनीच्या प्रमुखपदापर्यंत पोचला, १९९८ पासून खेळाडू संघटना चालवली, आणि २००३ मध्ये लीगच्या सर्वोच्च पगारी पदावर आला. म्हणजे काही वर्षं हा खेळ चालवणारी दोन्ही प्रमुख माणसं खेळासोबत दुसरं काहीतरी करण्याची मुभा असलेल्या पिढीची होती. आणि त्यांच्याच कारकिर्दीत हा खेळ पुरता पूर्णवेळ झाला. २०१२ ते २०१६ च्या प्रक्षेपणहक्कांतून लीगला सव्वाशे कोटी डॉलरहून जास्त मिळाले. २०२५ ते २०३१ साठीचा सौदा ४५० कोटी डॉलरचा आहे. पैसा वाढला तसा सराव वाढला, विश्लेषकांच्या बैठका वाढल्या, आहारतज्ज्ञ आले, आणि अठरा वर्षांच्या मुलाचा सकाळपासून संध्याकाळपर्यंतचा दिवस क्लबचा झाला. आपल्या पिढीला जे मिळालं ते पुढच्या पिढीच्या हातून निसटतं आहे, हे या दोघांच्या लक्षात यायला हवं होतं. त्यांनी त्याकडे पुरेसं पाहिलं नाही, हा माझा त्यांच्यावरचा आक्षेप आहे. डेमेट्रिओ नंतर क्राउन या कॅसिनो कंपनीच्या संचालक मंडळावर गेला, आणि न्यू साउथ वेल्समधल्या चौकशीने कंपनीला सिडनीचा परवाना राखायला अपात्र ठरवल्यावर २०२१ च्या फेब्रुवारीत त्याला तिथून बाहेर पडावं लागलं. यशोगाथांत हे पान सहसा नसतं.

आधीची व्यवस्था चांगली होती म्हणून ती परत आणा, असं माझं म्हणणं नाही. ती व्यवस्था खेळाडूच्या पिळवणुकीवर उभी होती. १९३० साली लीगने नियम केला, तो मांडणाऱ्याच्या नावावरून ‘कूल्टर कायदा’ म्हणून ओळखला जातो: कुठल्याही खेळाडूला एका सामन्याचे तीन पौंडांहून जास्त द्यायचे नाहीत. मग क्लबांनी पैशाऐवजी नोकऱ्यांचं आमिष दाखवायला सुरुवात केली. साउथ मेलबर्न क्लबचा अध्यक्ष आर्ची क्रॉफ्ट्स हा किराणा दुकानांच्या साखळीचा मालक. महामंदीत माणसं कामासाठी रांगा लावत होती, आणि क्रॉफ्ट्स दुसऱ्या राज्यांतल्या चांगल्या खेळाडूंना आपल्या दुकानांत काम देऊन मेलबर्नला आणत होता. लोक त्या संघाला ‘फॉरिन लीजन’, म्हणजे परक्यांची पलटण, म्हणू लागले आणि १९३३ साली त्याने विजेतेपद जिंकलं. रिचमंडचा दरारा असलेला कप्तान जॅक डायर पोलिसात होता. कॉलिंगवूडला १९५३ चं विजेतेपद मिळवून देणारा कप्तान लू रिचर्ड्स पुढे मेलबर्नच्या फ्लिंडर्स स्ट्रीटवर दारूचा गुत्ता चालवत होता आणि बाजूने वर्तमानपत्रात लिहीत होता. त्या काळी खेळाडूच्या उतारवयाचा धंदा म्हटला की पब. गिऱ्हाइकं त्याचं नाव ऐकून येत आणि त्याच्याशी दोन शब्द बोलायला मिळाले की खूश होऊन जात.

त्या माणसांचे हात कधी रिकामे नव्हते, हे खरं. पण क्लब त्यांच्या जिवावर तिकिटं विकत होते आणि त्यांना चिल्लर देत होते, हेही तितकंच खरं. १९७० साली कॉलिंगवूडने पश्चिम ऑस्ट्रेलियातून आलेल्या नव्या खेळाडूला घसघशीत रक्कम दिली, तेव्हा कप्तान डेस टडनहॅम आणि उपकप्तान लेन थॉम्पसन यांनी सराव सोडला. क्लबने त्यांची पदं काढून घेतली. त्याच वर्षी एसेंडनच्या पाच खेळाडूंनी पैशाच्या वादावरून हंगामाचा पहिला सामना खेळायला नकार दिला. १९७३ मध्ये खेळाडूंची संघटना उभी राहिली. १९८३ साली सिल्व्हियो फोस्किनी या तरुण खेळाडूच्या खटल्यात व्हिक्टोरियाच्या सर्वोच्च न्यायालयाने, खेळाडूला एका क्लबशी बांधून ठेवणारे नियम त्याच्या उपजीविकेच्या हक्कावर बेकायदा बंधन घालतात, असा निकाल दिला. या सगळ्या भांडणांमुळे आजच्या खेळाडूला पगार मिळतो. ती भांडणं झाली नसती तर आज या प्रश्नावर बोलायलाही जागा नसती.

पण पगार मिळवताना एक गोष्ट हातची गेली, आणि तिची किंमत कोणी नीट मोजली नाही. १८ ते २३ ही वर्षं माणूस कामाला लागतो ती वर्षं. सुताराचा पोरगा याच वयात रंधा धरतो, डॉक्टर होणारी मुलगी याच वयात शवविच्छेदन करते. एएफएलचा खेळाडू याच वयात ड्राफ्टमधून, म्हणजे क्लबांनी पाळीपाळीने केलेल्या निवडीतून, बहुधा घरापासून हजारो किलोमीटर दूरच्या शहरात जातो. पहिला करार दोन-तीन वर्षांचा. अठरा क्लबांचे मिळून आठशेच्या आसपास खेळाडू, आणि दरवर्षी नव्यांना जागा करून देण्यासाठी जुन्यांना काढावंच लागतं. दोन हंगाम राखीव संघात घालवून बाहेर पडलेल्या मुलाच्या नावावर बँकेत थोडे पैसे असतात, पण त्याच्या वयाचे मित्र इलेक्ट्रिशियनची उमेदवारी पुरी करून परवाना हातात घेऊन बसलेले असतात.

इथे हमखास एक उत्तर मिळतं, की त्यांना भरपूर पैसा मिळतो, मग कसली काळजी? लीग आणि खेळाडू संघटना यांच्यातल्या २०२३ च्या सामूहिक करारानुसार पुरुष खेळाडूचा सरासरी पगार २०२७ पर्यंत वर्षाला पाच लाख डॉलरच्या वर जायचा आहे. आकडा मोठाच आहे. पण सरासरी वरच्या मूठभर मानधनांनी फुगते, आणि जो तिसऱ्या वर्षी बाहेर पडतो त्याला ती कधीच दिसत नाही. शिवाय पैसा म्हणजे काम नव्हे. टॉम बॉइड २०१३ च्या ड्राफ्टमध्ये देशात पहिला निवडला गेला. वर्षभरातच वेस्टर्न बुलडॉग्जने त्याच्याशी सात वर्षांचा, सुमारे सत्तर लाख डॉलरचा करार केला. २०१६ मध्ये बुलडॉग्जने ६२ वर्षांनी विजेतेपद जिंकलं, त्यात त्याचा खेळ मोलाचा होता. २०१९ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, मानसिक आरोग्याचं कारण स्पष्टपणे सांगून तो निवृत्त झाला आणि कराराची उरलेली वर्षं व त्यांचे पैसे सोडून दिले. ज्याच्याकडे सगळं होतं असं बाहेरून दिसत होतं, त्याला खेळाबाहेर उभं राहायला जागा हवी होती. धाडसाने त्याने ती स्वतः तयार केली. प्रत्येकाला ते जमेल, असं गृहीत धरणं क्रूरपणाचं आहे.

तारांकित खेळाडूचं निभावतंच. ख्रिस जडचं उदाहरण घ्या. ब्राउनलो पदक, म्हणजे हंगामातल्या सर्वोत्तम खेळाडूचा मान, दोनदा, २००४ आणि २०१०. २००६ मध्ये वेस्ट कोस्ट संघाचा विजेता कप्तान. २००७ च्या अखेरीस तो कार्लटनला आला, तेव्हा क्लबचा अध्यक्ष रिचर्ड प्रॅट हा व्हिसी या पॅकेजिंग कंपनीचा मालक होता, आणि जड त्या कंपनीचा पर्यावरणदूत झाला. वर्षाला सुमारे दोन लाख डॉलरचा हा करार क्लबच्या पगारमर्यादेबाहेर, म्हणजे खेळाडूंच्या एकूण पगारावर लीगने घातलेल्या मर्यादेबाहेर, धरला गेला. त्यावरून बरीच ओरड झाली आणि पुढे लीगने अशा करारांवरचे नियम आवळले. २०१५ मध्ये गुडघ्याने दगा दिला आणि जड थांबला. आज तो शेअर बाजारात गुंतवणूक करतो, स्वतःचा फंड चालवतो. त्याच्या हुशारीविषयी मला शंका नाही. जडला उद्योगपतींच्या शेजारी बसायला मिळालं ते खेळत असतानाच, आणि ते त्याच्या कराराचाच भाग होतं. राखीव संघातल्या मुलाला कोण शेजारी बसवतं?

ॲडम गूड्सची गोष्ट वेगळी आहे, आणि मला ती सगळ्यात महत्त्वाची वाटते. सिडनी स्वान्सकडून ३७२ सामने, दोन ब्राउनलो पदकं, २००५ आणि २०१२ ची विजेतेपदं, २०१४ चा ‘ऑस्ट्रेलियन ऑफ द इयर’. अद्न्यामथान्हा आणि नारुंगा या मूलनिवासी समाजांशी नातं सांगणाऱ्या या खेळाडूने वर्णद्वेषाविरुद्ध तोंड उघडलं, म्हणून २०१५ मध्ये सामन्यामागून सामन्यात प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. तो त्या हंगामानंतर निघून गेला. लीगने आणि अठराही क्लबांनी माफी मागितली ती २०१९ मध्ये. पण खेळत असतानाच, २००९ साली, त्याने मायकल ओलॉफलिन या आपल्या संघसहकाऱ्यासोबत मूलनिवासी मुलांच्या शिक्षणासाठी ‘गो फाउंडेशन’ सुरू केलं होतं. निवृत्तीनंतर तो मूलनिवासी मालकीच्या छोट्या कंपन्यांना संरक्षण आणि बांधकाम क्षेत्रांतली सरकारी कामं मिळवून देणाऱ्या उद्योगसमूहाचा सहसंस्थापक झाला. हे शक्य झालं त्यामागे एक सरकारी धोरण आहे. जुलै २०१५ पासून केंद्र सरकारने आपल्या कंत्राटांतला ठरावीक हिस्सा मूलनिवासी मालकीच्या उद्योगांना द्यायचं ठरवलं, आणि काही वर्षांत तो तीन टक्क्यांपर्यंत न्यायचं लक्ष्य ठेवलं. रंगकाम करणारी, कुंपणं घालणारी, सफाईची कामं घेणारी माणसं आधीही होती. पण मोठ्या कंत्राटदाराच्या दारात त्यांना कोणी उभं करत नव्हतं. गूड्सने आपल्या नावाचा उपयोग ते दार उघडण्यासाठी केला. फिट्झपॅट्रिकमागे निवृत्तीनिधीचा कायदा होता, गूड्समागे खरेदीचं धोरण. खेळाडूंच्या उद्योजकतेची चर्चा करणारे या कायद्यांविषयी बोलत नाहीत, फक्त जिद्दीविषयी बोलतात, याचा मला मनापासून राग येतो. जिद्द राखीव संघातल्या त्या मुलाकडेही असते.

मग शरीराचा हिशेब येतो. या खेळात डोक्याला मार बसतो, वारंवार बसतो. पश्चिम ऑस्ट्रेलियाचा थोर खेळाडू ग्रॅहम ‘पॉली’ फार्मर २०१९ मध्ये गेला. त्याच्या मेंदूच्या तपासणीत सीटीई हा डोक्यावरच्या सततच्या आघातांशी जोडलेला विकार सापडला. या खेळातलं ते पहिलं निदान. त्यापाठोपाठ डॅनी फ्रॉली आणि शेन टक यांच्याबाबतीतही तेच निघालं. २०२३ साली जाहीर झालं की आदल्या वर्षी अठ्ठाविसाव्या वर्षी मरण पावलेल्या हेदर अँडरसनलाही तो विकार होता. जगात एखाद्या व्यावसायिक महिला खेळाडूत तो सापडण्याची ती पहिली वेळ. ती ॲडलेडच्या २०१७ च्या विजेत्या संघात होती आणि ऑस्ट्रेलियन लष्करात वैद्यकीय सहायक म्हणून काम करत होती. मेंदूवर टाच येऊ शकते अशा पेशात, मेंदू ताजा असतानाच दुसरं काम शिकून घेण्याची सोय हवी. तिला ऐच्छिक सवलत म्हणणं मला पटत नाही. बांधकामावर हेल्मेट जितकं सक्तीचं, तितकीच हीही सोय सक्तीची असली पाहिजे. २०१७ च्या करारात लीग आणि संघटना यांनी जखमा व हलाखीसाठी निधी उभा केला, तो चांगलाच आहे. पण तो निधी माणूस पडल्यावर मिळतो.

हेदर अँडरसनच्या उल्लेखाने महिला लीगचा विषय निघतो. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या लीगमधल्या मुली शिक्षिका आहेत, परिचारिका आहेत, रुग्णवाहिकेवर काम करतात, आणि संध्याकाळी सरावाला येतात. पगार इतके कमी होते की दुसरा इलाजच नव्हता. नव्या करारात त्यांचा सरासरी पगार २०२७ पर्यंत ८२ हजार डॉलरवर जायचा आहे आणि सगळ्यांचं स्वप्न पूर्णवेळ व्यावसायिक होण्याचं आहे. त्यांनी ते जरूर पाहावं, पैसे पुरेपूर मागावेत. माझी भीती एवढीच आहे, की पुरुषांच्या लीगने केलेली चूक इथेही होईल. पैसे वाढतील तसतसे तास वाढतील, एक दिवस क्लब म्हणेल की नर्सिंगच्या पाळ्या आता जमणार नाहीत, आणि ती मुलगी सर्वांच्या टाळ्यांमध्ये आपला परवाना विसरून जाईल. महिला लीगला हा रस्ता वेगळा आखण्याची संधी आज आहे. पाच वर्षांनी ती नसेल.

क्लबांमध्ये खेळाडूंच्या विकासासाठी माणसं नेमलेली असतात, अभ्यासक्रमांसाठी मदत मिळते, संघटना मार्गदर्शन करते, हे मला माहीत आहे. माझा मुद्दा वेळेचा आहे. मार्गदर्शकाने कितीही चांगला अभ्यासक्रम सुचवला, तरी मंगळवारी दुपारी प्रशिक्षकाने व्हिडिओ बैठक ठेवली की मुलगा बैठकीलाच जाणार. पुढच्या वर्षीचा करार प्रशिक्षकाच्या हातात असतो, मार्गदर्शकाच्या नाही. म्हणून आठवड्यातला एक पूर्ण दिवस, हंगामातसुद्धा, करारात लिहिलेला हवा, आणि तो मोडला तर क्लबला दंड हवा, जसा पगारमर्यादा मोडल्यावर होतो. लीगच्या इतिहासात क्लबांवर पगारमर्यादेवरून कडक कारवाया झाल्या आहेत. तिथे हिशेब तपासता येतो, तर वेळेचाही तपासता येईल. खेळाचा दर्जा घसरेल, अशी ओरड होईलच. पण एखाद्या क्लबनेच सवलत दिली तर तो मागे पडेल. नियम अठराही क्लबांना सारखा लागला तर कोण कोणाच्या मागे पडणार?

हे सगळं महाराष्ट्रात बसून लिहिण्याचं कारण आहे. मुंबईने या प्रश्नाचं एक उत्तर फार पूर्वी काढलं होतं. अजित वाडेकर स्टेट बँकेत होते, सुनील गावसकर निरलॉन कंपनीत. टाइम्स शील्ड या कंपन्यांच्या क्रिकेट स्पर्धेसाठी कंपन्या संघ बाळगत, आणि त्या संघासाठी नोकऱ्या देत. कबड्डीत आजही महिंद्रा, भारत पेट्रोलियम, रेल्वे, पोलीस यांच्या नोकऱ्यांवर घरं उभी राहतात. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक जिंकणारा कोल्हापूरचा स्वप्नील कुसाळे मध्य रेल्वेत तिकीट तपासनीस होता. महाराष्ट्रात खेळाडूंसाठी सरकारी नोकऱ्यांत पाच टक्के आरक्षण आहे. या व्यवस्थेतही खोट आहे. अनेकांची नोकरी हजेरीपटावरच्या सहीपुरती असते, काम कोणी शिकवत नाही, आणि खेळ संपल्यावर चाळिशीत तो माणूस टेबलाशी नवख्यासारखा बसतो. तरीही पायाखाली जमीन असते. खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये स्वतंत्र भारताला पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक आणून दिलं आणि १९५५ मध्ये ते पोलीस दलात उपनिरीक्षक झाले. ती नोकरी नसती तर त्यांच्या नशिबी काय आलं असतं, याची कल्पनाच करवत नाही.

आता २०१४ पासून प्रो कबड्डीचे लिलाव होतात. सांगली-कोल्हापूरची, रायगड-रत्नागिरीची, उपनगरांतली मुलं एकोणिसाव्या-विसाव्या वर्षी संघांत जातात. महिंद्रा युनायटेडसारखा नावाजलेला फुटबॉल संघ २०१० मध्ये बंद झाला. कंपन्यांचा हात हळूहळू सुटतो आहे आणि त्याच्या जागी काही महिन्यांचे करार येत आहेत. ऑस्ट्रेलियात निदान या मुद्द्यावर करार मागणारी, सध्या खेळणाऱ्यांची संघटना आहे, आणि तिला पन्नास वर्षांचा इतिहास आहे. आपल्याकडे २०१९ मध्ये मान्यता मिळालेली भारतीय क्रिकेटपटूंची संघटना फक्त निवृत्तांची आहे, खेळणाऱ्यांना तिथे जागा नाही. कबड्डीत आमच्या मुलांच्या वतीने संघमालकांच्या समोर बसणारं कोणीच नाही. मग आठवड्याचा एक दिवस, आयटीआयची फी किंवा मुक्त विद्यापीठाच्या परीक्षेची रजा मागायची कोणाकडे? महाराष्ट्र सरकार पदकविजेत्यांना थेट पोलीस उपअधीक्षक करतं, ते योग्यच आहे. पण पदक न मिळालेल्या मुलासाठी, राज्यात खेळणाऱ्या कुठल्याही लीगला परवानगी देताना, करारात शिक्षणाचं कलम सक्तीचं करणं सरकारला सहज शक्य आहे. त्याला तिजोरीतून रुपयाही लागत नाही.

एएफएलचा चालू सामूहिक करार २०२७ च्या हंगामापर्यंत आहे. पुढच्या वाटाघाटींमध्ये पुन्हा टक्केवारीवर भांडण होईल: प्रक्षेपणाच्या ४५० कोटींतला किती वाटा खेळाडूंचा. ते भांडण व्हायलाच हवं. पण संघटनेने त्या टेबलावर पहिला कागद आठवड्याच्या त्या एका दिवसाचा ठेवावा, आणि तो पुरुष व महिला दोन्ही लीगसाठी एकच ठेवावा. लीगला तो नाकारणं जड जाईल, कारण तिची सूत्रं अनेक वर्षं ज्यांच्या हाती होती, ते कार्लटनचा कप्तान आणि नॉर्थ मेलबर्नचा खेळाडू, दोघेही याच मोकळ्या वेळातून घडले होते.